बांधाखालचं कडवळ

गाय उचलायला किती माणसं लागतात हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं. चार लागतात, आणि एक जाड बांबू. बांबू पोटाखालून घालायचा, दोघांनी एका बाजूने धरायचा, दोघांनी दुसऱ्या, घरच्या कुणीतरी शेपटीला हात घालून ‘हो, हो’ करायचं, आणि गाय थरथरत उभी राहिली तरी तिला लगेच सोडायचं नाही. आमच्या सासरच्या गावात वैशाख लागला की रोज सकाळी कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यापुढे हा प्रकार चाले. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर काढलेली गुरं तोवर इतकी खंगायची की संध्याकाळी बसलेलं जनावर सकाळी आपलं आपण उठत नसे. त्याला म्हणायचे, गाय उठवणीला आली.

माझी गाय माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात उठवणीला आली. ती माझी होती, घराची नव्हती, हे आधीच सांगते. बापाने आंदण दिलेली. मुरबाडच्याही पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी माझं माहेर. तिथून दोन मुक्काम करत ती माझ्या मागोमाग चालत आलेली. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी सतरा वर्षांची होते आणि ती अजून न व्यालेली कालवड. सासरी मला ओळखणारं असं ते एकच तोंड होतं.

चार माणसांनी तिला उचललं तेव्हा मी दाराआड उभी राहून पदर तोंडात कोंबून रडले. शेजारपाजारच्या माणसांसमोर तिची हाडं न् हाडं दिसत होती आणि मला वाटत होतं, लोक माझ्या बापाचीच अब्रू मोजतायत. सासरे घाम पुसत आत आले आणि म्हणाले, “यंदा उठली. पण दुसऱ्या वर्षी उठवणीला आलेलं जनावर उठत नाय, सूनबाई. मनाची तयारी ठेव.” दुष्टपणाने नाही म्हणाले. भरती किती वाजता आहे हे सांगावं तसं सांगितलं.

पावसाळ्यात हिरवं गवत खाऊन ती भरली, चकाकायला लागली, आणि आषाढात गाभण राहिली. घरात सगळ्यांना आनंद. मी मात्र बोटांवर महिने मोजले. ती विणार होती पुढच्या वैशाखात. ऐन उठवणीच्या दिवसांत! पोटात वासरू आणि पुढ्यात पेंढा. मनाची कसली तयारी ठेवू मी, कपाळ माझं?

आमचं गाव कल्याण आणि डोंबिवलीच्या मधलं, खाडीला लागून. आता तिथे खाडी दाखवायची तर नातवंडांना गच्चीवर न्यावं लागतं. तेव्हा पायरीवर बसलं की भरतीचा वास यायचा. पावसाळ्यात भात, आणि भात झोडून झालं की पुरुषमंडळी मिठागरावर. माझा नवरा तेवढा कल्याणच्या रेल्वे यार्डात लागलेला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात आम्ही तिघं, आणि गोठ्यात गाय.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं मिठात घातलेली. त्यांच्या जिभेची ख्याती खाडीच्या दोन्ही काठांना होती. आगरातल्या पाण्यात बोट बुडवायचे, जिभेला लावायचे आणि सांगायचे, “परवा दाणा धरेल.” परवा दाणा धरायचा. मी एकदा भाकरी घेऊन गेले तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. नुसतं पाणी, वर ऊन, आणि दोन दिवसांनी त्याच पाण्याच्या तळाशी पांढरीशुभ्र चकाकी. मी डोंगरातली पोर, मीठ दुकानात पिकतं असं वाटणारी. मी तोंडावर हात ठेवून तिथेच बसले. माणूस आहे की कोण आहे हा, असं मला वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण घरात ही जीभ माझ्या मुळावर आलेली. लग्नानंतर पहिल्यांदा आमटी केली, तर पहिला घास घेऊन म्हणाले, “आळणी!” मी मीठ घातलं. पुन्हा आळणी. अजून घातलं. नवरा निमूट जेवायचा आणि जेवणावर तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा. मीही प्यायचे. मला वाटलं, मिठागरवाल्यांचं घर, खात असतील बाई इतकं मीठ. आणि मनात सल राहिला तो राहिलाच, की वर्ष होत आलं तरी मला साधी आमटी जमत नाही.

तर त्या वर्षी भात घरात आलं आणि मी बांधावर उभी राहून खाली बघत होते. सगळी शेतं उघडी. नुसते भाताचे खुंट, आणि त्यांत गावची गुरं मोकळी सोडलेली. रिवाजच तसा होता. भात कापून झालं की कुणाचं शेत कुणाचं राहत नाही, सगळ्यांची गुरं सगळीकडे. पंधरा दिवसांत खुंटसुद्धा संपायचे आणि मग सहा महिने नुसती भेगाळलेली जमीन. पाऊस येईपर्यंत त्या जमिनीकडे कुणी बघायचं नाही. माझ्या माहेरी नदीकाठच्या तुकड्यात बाप उन्हाळ्यात गुरांसाठी कडवळ करायचा. कडवळ म्हणजे ज्वारीच, पण दाण्यासाठी नाही, वैरणीसाठी दाट पेरलेली. घाटावरून उतरणाऱ्या लोकांकडून तो बी घ्यायचा. माझी गाय तेच खाऊन वाढलेली होती.

मी सासऱ्यांसमोर पदर सारखा करून उभी राहिले. “मामंजी, बांधाखालचा तुकडा मला द्या.”

“कशाला?”

“कडवळ पेरते.”

“उन्हाळ्यात? खारजमिनीत?” ते इतके हसले की ठसका लागला. “अगं, आमच्या बापजाद्यांनी पावसाशिवाय इथे काय पेरलं नाय.”

“बापजाद्यांच्या गायी बांबूवरच उठल्या ना, मामंजी.”

बोलून गेले आणि जीभ चावली. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्याचसाठी. नवरा भिंतीकडे बघायला लागला. सासऱ्यांनी ठसका आवरला, मग म्हणाले, “चार गुंठे घे. गावाची बोलणी तू खायची.”

बोलणी भरपूर खाल्ली. बापाने बी पाठवलं, संक्रांतीनंतर मी आणि नवऱ्याने जमीन भिजवून, नांगरून पेरली आणि भोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. गुरं मोकळी सुटलेली असताना कुंपण घालायचं, म्हणजे गावाच्या तोंडावर दार लावण्यासारखं. विहिरीवर एक म्हातारी मला ऐकवून म्हणाली, “घाटाखालची आली आणि खाडीला शेती शिकवायला लागली!” मी घागर उचलली आणि म्हटलं, “शिकली तर बरंच होईल, आजी.”

आता पाण्याचं सांगते, कारण तसलं पाणी मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलं नाही. डोंगराकडून एक ओढा येऊन आमच्या बांधाशी खाडीला मिळायचा. ओढ्याचं पाणी गोडं, पण खूप खाली, शेतात चढायचं नाही. अमावास्या-पुनवेला उधाणाची भरती आली की खाडीचं खारं पाणी ओढ्याच्या तोंडातून आत घुसायचं आणि ओढ्याचं गोडं पाणी आपल्यापुढे रेटत वर चढवायचं. पाणी उलटं वाहताना मी पहिल्यांदा बघितलं! पालापाचोळा डोंगराच्या दिशेने चाललेला. ते चढलेलं गोडं पाणी बांधापर्यंत आलं की बांधातली लाकडी झडप उघडायची. तिला उघाडी म्हणत. गोडं पाणी शेतात शिरू द्यायचं आणि मागचं खारं पोचायच्या आत झडप पाडायची. नेमकी कधी पाडायची हे जीभ सांगणार. सासरे उघाडीवर उकिडवे बसायचे, ओंजळीत पाणी घ्यायचे, चाखायचे, थुंकायचे, परत चाखायचे. मी खाली शेतात पाणी वळवत असायचे. मग वरून आरोळी यायची, “बास!” आणि फळी धाडकन खाली.

समुद्र स्वतःच्या डोक्यावर गोडं पाणी घेऊन माझ्या गायीसाठी येतोय, आणि हा म्हातारा त्याला दारातूनच परत पाठवतोय. मी चिखलात उभी असायचे आणि अंगावर काटा यायचा. देवळात कधी आला नव्हता तसा.

आणि कडवळ आलं! काय सांगू. पाचव्या दिवशी जमिनीवर हिरवा धूर उठल्यासारखं दिसलं. पंधराव्या दिवशी वीत, महिन्याने गुडघ्याच्या वर. चारी बाजूंना जमीन तडकलेली, ऊन असं की बांधावर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता, आणि मधे ते चार गुंठे, हिरवेगार, वाऱ्यावर सळसळणारे. उन्हाळ्यात हा आवाज त्या गावाने कधी ऐकलाच नव्हता. बायका धुणं घेऊन जाताना थांबायच्या. कुंपणावरून हात घालून पानं चोळून बघायच्या. विहिरीवरची ती म्हातारीसुद्धा आली, कुंपणापाशी उभी राहून बघून गेली. मी रोज पहाटे जायचे आणि रोज तितकीच थक्क व्हायचे. मीच पेरलेलं, मीच पाणी पाजलेलं, तरी वाटायचं हे माझं काम नव्हे.

गायीला वास लागलेला. बांधलेल्या जागेवरून मान वाकडी करून ती दिवसभर त्या दिशेला बघायची. पेंढ्याला तोंड लावेना. बरगड्या पुन्हा मोजता यायला लागल्या. सगळे म्हणायचे, “काप की आता! हिरवं समोर आणि गाय उपाशी, ही कसली तऱ्हा?” पण कोवळं कडवळ म्हणजे जनावराला विष. कणीस बाहेर पडल्याशिवाय, निसवल्याशिवाय, ते जनावराच्या तोंडाला लावायचं नाही, हे बापाने मला शपथ घालून सांगितलेलं. आमच्या शेजारचा एक बैल असाच मेला होता, दोन घास खाऊन, उभ्या उभ्या. भात पिकवणाऱ्या लोकांना हे पटेना. मी गोठ्यात जाऊन गायीच्या गळ्याखाली हात फिरवायचे आणि सांगायचे, “थोडं थांब गं. पाडव्यापर्यंत थांब.” ती ऐकायची. तिच्याशिवाय माझं ऐकत होतं कोण?

माघातल्या अमावास्येची भरती आली. ओढा तोवर आटून अगदी बारीक झालेला. पाणी चढलं, सासऱ्यांनी फळी उचलली, मी खाली पाणी वळवत होते. नेहमीच्यापेक्षा बराच कमी वेळ झाला असेल, आणि माझ्या टाचा चुरचुरल्या. उन्हाने टाचांना भेगा पडलेल्या, त्यांत आग झाली. मी क्षणभर थांबले. वर बघितलं. सासरे ओंजळीतलं पाणी चाखत होते. मान डोलावून म्हणाले, “गोडं हाय. घे, घे पोटभर.”

मला कळलं होतं. हे मी आज लपवत नाही. माझ्या टाचांना कळलं होतं. मी ओलं बोट ओठांना लावलं असतं तरी पुरे होतं, पण मी लावलं नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं मीठ पिकवलं त्याला कालची सून सांगणार, मामंजी, पाणी खारं आहे म्हणून? जिला आमटीत मीठ घालायची अक्कल नाही ती? मी खाली मान घालून पाणी वळवत राहिले. एरवी नको तिथे चालणारं माझं तोंड त्या दिवशी नेमकं बंद राहिलं.

चौथ्या दिवशी पानांची टोकं पिवळी पडली. सहाव्या दिवशी करपली. शेताच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी साचून राहिलेलं, तिथे मातीवर पांढरी बुरशी धरावी तसं मीठ वर आलं आणि उभं पीक वाळल्यासारखं झालं. दीड महिना गायीला थांब थांब सांगून उपाशी ठेवलेलं. आता तिला काय तोंड दाखवू?

सासरे आले, बघून म्हणाले, “उन्हानं गेलं. मी सांगितलेलं, उन्हाळ्यात पीक येत नाय. असो, आता कापून घाल गायीला, निदान वाया तरी नको.”

“विष आहे ते! कोवळं आणि वर करपलेलं, दुप्पट विष!” मी ओरडलेच. “आणि उन्हाने नाही गेलं. मिठाने गेलंय. पाणी खारं होतं.”

“चाळीस वर्षं मिठात गेली माझी. तू मला पाणी शिकवतेस?”

मी तडक घरात गेले. रागाने डोळ्यांपुढे अंधारी आलेली. दोन तांबे घेतले. एकात विहिरीचं पाणी भरलं, दुसऱ्यात बांधाखाली साचलेलं खाडीचं. दोन्ही आणून त्यांच्यापुढे ठेवले. तोवर नवरा कामावरून आलेला, तो “अगं, अगं” करत राहिला. मी म्हटलं, “चाखून सांगा, मामंजी. विहिरीचं कुठलं?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या एखाद्या दिवशी मी जमिनीत गेले असते. पण तांबा उचलला. एक घोट. दुसऱ्यातला एक घोट. परत पहिला. परत दुसरा. मग म्हणाले, “दोन्ही विहिरीचंच.”

नवऱ्याने दुसरा तांबा तोंडाला लावला आणि पिचकन अंगणात थुंकला.

सासरे त्या ओल्या डागाकडे बघत राहिले. माझा राग कुठच्या कुठे गेला आणि मला भीती वाटायला लागली. मी हे काय केलं? मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, “आणि आमटी?”

“आमटी पहिल्या दिवसापासून खारट होती, मामंजी.”

“मग तुम्ही दोघं...?”

“पाणी पितो ना वर,” नवरा म्हणाला.

ते उठले आणि ओटीच्या टोकाला जाऊन पाठ करून बसले. त्या पाठीकडे बघून मला इतकं वाईट वाटलं की गाय, कडवळ, सगळं विसरले. आगरातलं घट्ट खारट पाणी त्यांच्या जिभेला अजून कळत होतं, पण त्याहून फिकं खारं कळायची धार गेलेली, कधी गेली ते त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं. मिठाने जिचं नाव केलं तीच जीभ मिठाने खाल्लेली. मी जवळ जाऊन म्हटलं, “माझ्या टाचांना त्या दिवशी कळलेलं. मी बोलले नाही. चूक माझीही आहे.” त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे शेतात गेले तर माणूस तिथे आधीच कुदळ घेऊन हजर. मिठागरावर गेलेच नव्हते. शेताच्या मधून एक चर काढत होते, वरून खाली, उताराने, दोरी लावून मारावा तसा सरळ. मला बघून म्हणाले, “आयुष्यभर पानी घालवलं आणि मीठ ठेवलं. आता मीठ घालवायचं आणि पीक ठेवायचं. काम तेच हाय, फक्त उलटं.” मग कावड खांद्यावर घेतली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे भरती पोचत नाही तिथे गेले. तिथलं गोडं पाणी आणून वरून ओतायचं, मातीतलं मीठ धुऊन चरातून खाली काढायचं. खेपेवर खेप. नवरा कामावरून आला की तो, दिवसभर मी आणि ते. शिमगा आला, गावात होळी पेटली, आम्ही पाणीच वाहत होतो. साठीच्या माणसाच्या खांद्यावर कावडीने घट्टे पडले. आणि दर खेपेला, मी शपथेवर सांगते, दर खेपेला ते थांबायचे, हंडा माझ्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, “चाख.” गोडं म्हटल्याशिवाय एक थेंब ओतला नाही.

खालचे दोन गुंठे गेलेच. वरच्या दोन गुंठ्यांनी मात्र मान टाकलेली होती ती उचलली. नवी पानं आली. पाडव्याच्या चार दिवस आधी पहिलं कणीस बाहेर डोकावलं आणि पाडव्याला सगळं निसवलं. लोक गुढ्या उभारत होते, मी विळा घेऊन शेतात होते.

गायीपुढे पहिला भारा टाकला तेव्हा तिने लगेच खाल्लंच नाही. नाक लावून उभी राहिली, डोळे अर्धे मिटून. मग खायला लागली. करकर, करकर असा आवाज. मी, नवरा, सासरे, तिघं ओळीने बसून नुसतं ऐकत होतो. सासऱ्यांनी फक्त विचारलं, “हे तिथे तुझ्या माहेरी सगळेच करतात?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “आणि आम्ही बांबू कापून आणत होतो.”

त्या दोन गुंठ्यांवर गाय वैशाखापर्यंत आली. रोज मोजून भारा, बरोबर थोडा पेंढा. पाठीवर हात फिरवला की आता हाडाऐवजी गाय हाताला लागायची. तरी गाय विण्याची वेळ जवळ आली तशी माझी झोप उडाली. गावात गुरं उठवणीला येऊ लागलेली. सकाळी कुठून तरी ‘हो, हो’ ऐकू यायचं आणि मी धावत गोठ्यात जायचे.

एका सकाळी गेले तर ती बसलेली आणि मागे ओलं, काळसर, थरथरतं वासरू. पाडी होती. मी ओरडले, सासरे आले, बघितलं आणि तसेच बाहेर पळाले. परत आले ते चार माणसं आणि बांबू घेऊन. व्यालेली गाय, वैशाख, त्यांना वाटलं हिला आता उचलावीच लागणार. माणसं दारात उभी, बांबू खांद्यावर. एकाने विचारलं, “घालायचा?” सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “थांबा.”

गायीने मान लांब केली. मागचे पाय आधी, गुडघे जमिनीवर, जरा अडली. मग तिने पुढचा एक पाय टेकला, दुसरा टेकला, आणि उभी राहिली. आपली आपण. वळून वासरू चाटायला लागली, जणू काही विशेष झालंच नाही. चारही माणसं बघत राहिली. एकजण बांबू खाली ठेवून हात जोडून उभा राहिला. कुणाला जोडले ते त्यालाही सांगता आलं नसतं. मी रडत होते, आणि या वेळी दाराआड नाही, सगळ्यांसमोर. सासऱ्यांनी तो बांबू उचलला आणि गोठ्याच्या आढ्यावर आडवा सारून दिला. पाडी मोठी झाली, तिच्या पाड्या झाल्या, बांबू तिथून निघाला नाही. पुढच्या वर्षी बांधाखाली सात घरांनी कडवळ पेरलं आणि उघाडीवर पाणी चाखायला मला बोलावलं, पण ते राहू दे.

त्या दिवशी घरात नुसती धांदल. चीक काढला, वासराला पाजलं, गावातल्या बायका येऊन गेल्या. दुपारी उशिरा कधीतरी मी दोघांना जेवायला वाढलं. नवऱ्याने पहिला घास घेतला, चावायचा थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. मला एकदम आठवलं. आमटीत मी मीठच घातलं नव्हतं. खड्याएवढंसुद्धा नाही.

तो तोंड उघडणार इतक्यात मी डोळे वटारले. सासरे खाली मान घालून जेवत होते. तांब्यांच्या त्या दिवसानंतरही सवयीने ते रोज मीठ मागायचे, आज पहिल्यांदाच मागितलं नव्हतं. भात संपला, त्यांनी आणखी आमटी वाढून घेतली, ती ओरपली आणि हात धुता धुता म्हणाले, “आमटी बरोबर झाली आज, सूनबाई.”